गाडीतील फेरबदल आणि वॉरंटी : नेमके काय जाते, काय राहते?

दसरा आणि धनत्रयोदशी हे वऱ्हाडातील दुचाकी खरेदीचे मोठे मुहूर्त. सोयाबीनचा पैसा हाती आलेला असतो, कपाशी वेचणीला येत असते आणि शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. घरी पूजा होईपर्यंत ही गाडी कंपनीने बनविली तशीच असते. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत मात्र ती सजावटीच्या दुकानासमोर उभी राहते आणि तिचे रूप पालटू लागते.

पातूरसारख्या तालुक्याच्या गावी या फेरबदलांमागे केवळ हौस नसते. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव मार्गे वाशीमकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ येथून जातो. पातूरच्या पुढे घाट लागतो. रात्री रानडुकरे आणि रोही आडवे येण्याची धास्ती असते. तेव्हा दुचाकीस्वाराला जादा दिवे हवेसे वाटतात. आलेगाव, चान्नी परिसरातील शेतकऱ्याला दुधाचे कॅन आणि खताची पोती नेण्यासाठी मागे मजबूत कॅरिअर हवे असते. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणाऱ्या चाकाला जाड नक्षीचा टायर हवा असतो. तरुणांना आवाज करणारा सायलेन्सर आणि रुंद हँडल हवे असते. गरज आणि हौस यांची सरमिसळ होऊन नव्या गाडीला चार-पाच बाहेरच्या वस्तू सहज चिकटतात.

प्रश्न उभा राहतो तो सहा-आठ महिन्यांनी. गाडी अचानक बंद पडते, मीटरवरचा इंजिनाचा इशारादर्शक दिवा विझत नाही किंवा इंजिन धूर ओकू लागते. मालक गाडी घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जातो आणि काउंटरवर एकच वाक्य ऐकतो : 'गाडीला बाहेरचे काम झाले आहे, वॉरंटी संपली.' हप्ते अजून फिटायचे असतात आणि इंजिनाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या दुरुस्तीचा खर्च काही हजारांच्या घरात जातो. अशा वेळी हे एक वाक्य कुटुंबाच्या वर्षभराच्या नियोजनावर पाणी फिरवू शकते. हे उत्तर काही वेळा अगदी बरोबर असते, काही वेळा अर्धेच बरोबर असते आणि काही वेळा निखालस चुकीचे असते. ते कधी कोणते, हे ग्राहकाला ओळखता आले पाहिजे.

वॉरंटीचे वचन कशाचे?

वॉरंटी म्हणजे गाडीची सर्वंकष हमी, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते उत्पादकाने दिलेले मर्यादित वचन असते. वापरलेल्या साहित्यात किंवा कारखान्यातील जुळणीत दोष असेल, तर ठरावीक वर्षे अथवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे हे वचन आहे. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, बल्ब, रबरी भाग अशा वापराने झिजणाऱ्या वस्तू सामान्यतः त्यातून वगळलेल्या असतात. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा त्या त्या उत्पादकाची असते. वचन देणारी कंपनी असते. विक्रेता ते कंपनीच्या वतीने पाळतो. त्यामुळे विक्रेत्याच्या काउंटरवर मिळालेला नकार हा अंतिम शब्द ठरत नाही.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत वॉरंटी कधी लागू होणार नाही, याची यादी असते. कंपनीने मान्य न केलेले सुटे भाग बसविणे, मूळ रचनेत बदल करणे, नियोजित सर्व्हिसिंग चुकविणे, शिफारस केलेल्या प्रतीचे तेल न वापरणे, शर्यतीसाठी वापर करणे या गोष्टी त्या यादीत हमखास आढळतात. मात्र तिची भाषा बारकाईने वाचावी लागते. 'अशा बदलामुळे उद्भवलेला बिघाड' वगळला आहे की 'असा बदल केल्यास संपूर्ण वॉरंटी' रद्द होते असे म्हटले आहे, या दोन वाक्यरचनांमध्ये मोठे अंतर आहे. पहिलीत कारण दाखवावे लागते. दुसरीत कंपनी कारणाचा प्रश्नच टाळू पाहते आणि वाद बहुधा येथेच पेटतो.

कोणता बदल, कोणता बिघाड?

सायलेन्सरचे उदाहरण प्रथम घेऊ. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. त्यानंतरच्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा प्रामुख्याने इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. धुराच्या नळीत ऑक्सिजन संवेदक बसविलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे, हे तो नियंत्रकाला कळवितो आणि नियंत्रक त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. त्याच नळीत विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक कक्ष असतो. बाहेरचा मोकळा सायलेन्सर बसविताना हा कक्ष काढून टाकला जातो आणि नळीतील वायूच्या प्रवाहाचा दाब बदलतो. मग नियंत्रकाचे गणित चुकू लागते. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर इंजिन अधिक तापते आणि त्याची झळ झडपा व पिस्टनपर्यंत पोहोचते. अशा गाडीत इंजिनाचा दावा नाकारला गेला, तर कंपनीची बाजू भक्कम असते.

हवेच्या गाळणीचेही तसेच आहे. 'पिकअप' वाढावा म्हणून काही जण मूळ गाळणीऐवजी उघडी गाळणी बसवितात किंवा गाळणीच्या पेटीला छिद्रे पाडतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात शेतरस्त्यांवरून उडणारी बारीक धूळ अशा वाटेने थेट सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत घासली जाते, गाडी तेल जाळू लागते आणि निळसर धूर सोडते. इंजिन उघडले की झिजेच्या खुणा तंत्रज्ञाला कारण सांगून जातात.

जादा दिव्यांचा मामला वरकरणी निरुपद्रवी वाटतो; पण प्रत्यक्षात वीजजोडणीचे वाद येथूनच सुरू होतात. दुचाकीचा मूळ हॅलोजन दिवा ३५ वॅटचा असेल, तर १२ व्होल्टवर त्याच्या तारेतून सुमारे ३ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच तारेवर ५५ वॅटचे दोन दिवे जोडले की आणखी सुमारे ९ अँपिअरची भर पडते. तार तापते, आवरण वितळते, स्विच जळतो. स्वतंत्र रिले आणि फ्यूज लावून, बॅटरीपासून वेगळी तार ओढून तेच दिवे जोडले, तर मूळ जोडणीवर भार येत नाही. त्यातही वीजनिर्मितीची गाडीची क्षमता मर्यादित असल्याने बॅटरी उतरण्याचा धोका उरतोच. दिवे तेच, परंतु तार कापून जोडली की सॉकेटद्वारे जोडली, यावर दाव्याचे भवितव्य ठरते. हीच गोष्ट चोरीविरोधी गजर, मोबाइल चार्जर आणि जीपीएस यंत्रांची. कापून टेप गुंडाळलेली तार ही कंपनीच्या हाती आयता सापडलेला पुरावा असतो.

टायर रुंद बसविला की त्याचा परीघ बदलू शकतो, तो चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो आणि चाकाच्या फिरण्यावरून वेग मोजणाऱ्या गाडीत मीटरची नोंद चुकते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरील नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले. या यंत्रणेचे संवेदक चाकाच्या गतीवर लक्ष ठेवून असतात. त्यामुळे चाक-टायरमधील मनमानी बदल ब्रेकच्या दाव्यावर परिणाम करू शकतो. हँडल उंच किंवा रुंद केले, तर केबल आणि तारांच्या जुडग्यावर ताण येतो.

याउलट सीट कव्हर, टाकीचे आवरण, स्टिकर, लेग गार्ड, मागचे कॅरिअर यांचा इंजिनातील किंवा गिअर बॉक्समधील दोषाशी काय संबंध? सीट कव्हर बदलले म्हणून गिअर बॉक्सची हमी नाकारणे तर्काला धरून नाही. कॅरिअरवर क्षमतेपेक्षा अधिक ओझे लादून मागची चौकट वाकली, तर त्या चौकटीचा दावा फेटाळला जाईल. पण इंधनपंप बिघडल्याचे खापर त्याच कॅरिअरवर फोडता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

वॉरंटी हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातील कराराचा विषय आहे. गाडीत बदल करण्याची मुभा आहे की नाही, हा मोटार वाहन कायद्याचा विषय आहे. चर्चेत हे दोन्ही नेहमी एकमेकांत मिसळले जातात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल होईल असे फेरबदल ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने शिक्षाही ठरविली. कलम १८२-अ अन्वये परवानगीबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि वाहन परवान्यावर तीन महिन्यांची गदा येऊ शकते. तडजोडीने भरावयाची रक्कम राज्य शासन ठरविते. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरविल्याची दृश्ये याच तरतुदींतून आली. मागच्या सीटवरील व्यक्तीसाठीची पकड, पायटेक आणि मागील चाक निम्मे झाकणारे संरक्षक आवरण हेदेखील केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार आवश्यक आहे. 'लूक' साठी ते काढणे म्हणजे नियमभंगच.

याच २०१९ च्या दुरुस्तीतील एक तरतूद मात्र ग्राहकाच्या बाजूची असून तिची फारशी चर्चा होत नाही. कलम ५२ ला जोडलेल्या परंतुकानुसार वाहनातील बदल, त्यासाठीची मान्यता आणि बसवावयाचे संच यांचे निकष केंद्र सरकार ठरवू शकते. आणि अशा प्रकारे केलेल्या बदलामुळे उत्पादकाने दिलेली वॉरंटी रद्द झाली, असे मानले जाणार नाही. दुसऱ्या इंधनावर चालण्यासाठी बसविलेला मान्यताप्राप्त संच, हे याचे ठळक उदाहरण ठरू शकते. अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची मुभाही कलम ५२ मध्ये आहे. परंतुकाची ही ढाल सरकारने निश्चित केलेल्या चौकटीपुरती आहे. बाजारातून आणलेल्या प्रत्येक हॉर्नला आणि सायलेन्सरला ती लागू होत नाही. संसदेने वॉरंटीचा उल्लेख थेट वाहन कायद्यात केला, एवढे मात्र लक्षणीय आहे.

स्पर्धा आयोगाचा दाखला

दुसरा महत्त्वाचा दाखला चारचाकींच्या क्षेत्रातील आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ बंदिस्त ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २ हजार ५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, हा त्या आदेशातील विचार होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला, दंडाची रक्कम मात्र घटविली.

हा आदेश दुचाकी कंपन्यांविरुद्धचा नाही आणि तो दुरुस्तीविषयी आहे, सजावटीविषयी नाही. तरीही त्यातील सूत्र दुचाकीच्या ग्राहकालाही युक्तिवादासाठी उपयोगी पडते. पातूरचा मालक ३०-३५ किलोमीटरवरील अकोल्याला प्रत्येक वेळी न जाता गावातल्या मिस्त्रीकडून चेन ताणून किंवा पंक्चर काढून घेतो, तेव्हा त्याने हमीवर पाणी सोडले, असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. नियोजित सर्व्हिसिंग मात्र पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आणि वेळेवर झालेच पाहिजे. ते चुकले, तर फेरबदलाचा प्रश्न येण्याआधीच दावा लंगडा होतो.

अमेरिकेत हाच विचार थेट कायद्यात आहे. तेथील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार विशिष्ट ब्रँडचेच भाग वापरण्याची अट वॉरंटीसाठी सर्वसाधारणपणे घालता येत नाही. जून २०२२ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसन या मोटरसायकल कंपनीवर याच कारणावरून कारवाई केली आणि तिला वॉरंटीच्या अटी सुधाराव्या लागल्या. भारतात इतका स्पष्ट कायदा नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिने हाताळावयाच्या क्षेत्रांत मोटारवाहनांचा समावेश आहे. तूर्त येथील ग्राहकाची मदार पुस्तिकेतील शब्दांवर, पुराव्यावर आणि ग्राहक संरक्षण कायद्यावर आहे.

विम्याचा तिसरा करार

वॉरंटी आणि नोंदणी यांच्याखेरीज विमा हा तिसरा धागा आहे. विम्याचा हप्ता गाडीच्या मूळ स्वरूपावर ठरतो. नंतर बसविलेल्या महागड्या वस्तूंचे नुकसान भरून हवे असेल, तर त्यांची माहिती विमा कंपनीला देऊन पॉलिसीत नोंद करून घ्यावी लागते. न कळविलेल्या बदलामुळे आग लागली किंवा अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर वाद उद्भवू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ मध्येही इजेच्या वेळी उत्पादनात बदल केलेला असेल किंवा त्याचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावा करता येत नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे ब्रेकच्या नळीत फेरफार केलेल्या गाडीचा अपघात झाल्यास केवळ वॉरंटीच नव्हे, तर भरपाईचा मार्गही अरुंद होतो.

नकार मिळाला तर...

बाहेरचे काम करण्यापूर्वी पुस्तिकेतील वगळलेल्या बाबींचे पान वाचावे. शक्यतो कंपनीचीच ॲक्सेसरी विक्रेत्याकडून बसवून घ्यावी आणि तिचा उल्लेख बिलावर व जॉब कार्डवर करून घ्यावा. विक्रेत्याने स्वतःच बाहेरची वस्तू लावून दिली असेल, तर तिची पावती अधिकच मोलाची. पुढे त्याला हात झटकता येत नाहीत. काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नये. इशारादर्शक दिवा लागल्यावरही गाडी दामटत राहणे टाळावे, कारण वाढलेले नुकसान मालकाच्या माथी मारले जाते.

सेवा केंद्रात जाण्यापूर्वी बाहेरच्या वस्तू काढून ठेवण्याची युक्ती अनेक जण करतात. ती बहुधा अंगलट येते. नव्या गाड्यांच्या नियंत्रकात बिघाडाच्या नोंदी साठतात, कापलेल्या तारा लपत नाहीत, सायलेन्सरच्या जोडावरील ताज्या खुणा दिसतात. एकदा लपवाछपवी उघड झाली की खऱ्या दोषाचा दावाही संशयास्पद ठरतो.

तोंडी नकार स्वीकारू नये. कोणता भाग बिघडला, त्याचे तांत्रिक कारण काय, तो कोणत्या बदलामुळे बिघडला आणि पुस्तिकेतील कोणत्या अटीखाली दावा नाकारला, या चार गोष्टी लेखी मागाव्यात. हे पत्र मागताच काही प्रकरणे तिथेच निकाली निघू शकतात, कारण सीट कव्हर आणि इंधनपंप यांचा संबंध कागदावर मांडणे कोणालाही कठीण असते. उत्तर न मिळाल्यास कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल पाठवावा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यामुळे पातूरच्या रहिवाशाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. अकोल्यातील आयोगाकडे दाद मागता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते आणि ती 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही करता येते. दोष तपासणीशिवाय ठरविता येत नसेल, तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच वाद मिटेपर्यंत बिघडलेला भाग जपून ठेवणे आणि गाडी अन्यत्र उघडू न देणे हिताचे असते.

नवी गाडी आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. घाटातल्या अंधारात जादा दिवा लावणाऱ्याला दोष देता येणार नाही. मात्र तो दिवा मूळ तार न कापता, पावतीसह आणि नियमांत बसणारा असावा. तसे असेल, तर उद्या इंजिनात खरोखरच कारखान्याचा दोष निघाला तरी मालकाला आपली बाजू कागदानिशी मांडता येईल.